मुकी ओढ

आप्पांना पहिला झटका आला तेव्हा ते पाण्यात नव्हते. दिगंबर न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या गालाला साबण. दिगंबरने वस्तरा पुसायला मान वळवली आणि त्याच्या पाठीमागे माझे वडील ओरडले, "वर घ्या! वर घ्या मला!"

दिगंबरला वाटलं खुर्ची वर घ्यायला सांगतायत. त्याने पायाने दांडा दाबून खुर्ची दोनदा उचलली. तोवर आप्पांनी गळ्याचं कापड टराटरा फाडलं होतं आणि ते जमिनीवर गुडघे टेकून, तोंड छताकडे करून हवा पीत होते. मी दारात उभी होते. त्यांना रुग्णालयातून घरी आणून नऊ दिवस झाले होते.

"आठ वावांवर होतो," नंतर बाकावर बसून ते म्हणाले. गालावरचा साबण तसाच वाळला होता. "हवा संपली. दोर हलवला तर हलंना."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतचं अंतर. आमच्या घरात खोली मीटरमध्ये कधी मोजली गेली नाही. ती आईच्या हातांनी मोजली जायची, कारण दोर तिच्या हातात असायचा.

आप्पा बुडीवाले. तांबडीच्या धरणात चाळीस वर्षं ते बुड्या मारत आले. अलीकडे धरणाची पाहणी माशाएवढी यंत्रं करतात, त्यांचे डोळे माणसापेक्षा चांगले असतात. पण दरवाज्यापुढच्या जाळीत आडवा अडकलेला ओंडका मोकळा करायला अजून माणसाचेच हात लागतात. आप्पांच्या शिरस्त्राणात बोलायची सोय होती. ती ते बंद ठेवत. "आवाज आला की माणूस वर बघतो," म्हणत. "दोर असला की काम बघतो." होडीत आई बसायची. खालून एक ओढ आली की त्याचा अर्थ, आहेस ना? आई एक ओढ परत द्यायची, म्हणजे आहे. दोन ओढी म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे वर घे. चाळीस वर्षांचा संसार त्या दोघांनी एवढ्यावर केला, असं मी लग्न झाल्यावर माझ्या नवऱ्याला, उन्मेषला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "आपल्याला एवढं बोलून पण जमत नाही."

आई झोपेत गेली. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तेव्हा पुस्तकांची पडताळणी चालली होती, हातात यादी होती, म्हणून संध्याकाळी करते म्हणाले आणि केला नाही. याविषयी मला आणखी काही लिहायचं नाही.

ती गेल्यावर तिचा दोर आप्पांनी पडवीतल्या खुंटीला टांगला. त्याचं टोक स्वयंपाकघराच्या दाराशी लोंबत असायचं. घरी आले की येता जाता मी त्याला एक ओढ द्यायची. सवय लागली होती.

त्यानंतर दीड वर्षाने तिसऱ्या दरवाज्यापाशी जाळीतला ओंडका अचानक सुटून आप्पांच्या शिरस्त्राणावर आदळला. दोर कंत्राटदाराच्या माणसाकडे होता. त्याने लगेच वर घेतलं. त्याची काही चूक नव्हती. आप्पा दोन दिवसांनी शुद्धीवर आले, चालू लागले, सगळ्यांची नावं ओळखली. मग न्हाव्याची खुर्ची आली. त्यानंतर अंघोळीचा पहिला तांब्या. अंगावरून सदरा काढताना डोक्यावर अडकलेला क्षण. आणि सर्वांत वाईट म्हणजे पायऱ्या. आमचं घर जलाशयाच्या काठाला आहे आणि रस्ता घराच्या वरच्या अंगाला. मध्ये बावीस पायऱ्या. चारपाच चढल्या की माणसाला थोडा दम लागतो. आप्पांना तेवढा पुरे व्हायचा. ते पायरीवर बसून बुडायचे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अंगणातल्या कोंबड्यांसमोर, माझे वडील पाण्याखाली जायचे आणि मला ते पाणी जवळजवळ दिसायचं.

*

पुण्याच्या मेंदूविकार केंद्रात डॉक्टर नसरीन मुलाणींनी आम्हाला मेंदूचं चित्र दाखवलं. त्या वाईजवळच्या, बोलताना हातात पेन्सिल लागते अशा.

"इथे तळाशी, मानेत उतरणारा हा देठ," त्या म्हणाल्या. "यातल्या काही पेशी दिवसभर रक्ताची चव घेत बसलेल्या असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त किंचित आंबट होतं. मग त्या घंटा वाजवतात. हवा संपतेय, पळा. ही घंटा फार जुनी आहे, आप्पा. भीतीपेक्षाही जुनी."

"माझ्यापेक्षा जुनी असंल तर सांभाळून घ्या," आप्पा म्हणाले.

त्या हसल्या. "तुमच्या-माझ्या डोक्यात ती दिवसातून कितीदा तरी किणकिणते. पण कपाळामागचा मेंदू तिच्यावर हात ठेवतो. अरे, जिना चढलास म्हणून दम लागलाय, थांब जरा. तो हात म्हणजे हे पांढरे धागे. तुमच्या डोक्याला धक्का बसला तेव्हा कवटी थांबली आणि आतला मेंदू थोडासा पुढे घसरून मागे आला. कवटीला चीरसुद्धा नाही. पण धागे पिळवटले, काही तुटले."

"म्हणजे घंटा बिघडलेली नाही," मी म्हणाले.

"घंटा उत्तम आहे. हात हरवलाय."

तोवर आम्ही गोळ्या करून पाहिल्या होत्या. त्यांनी झटके थोडे कमी झाले आणि झोप फार वाढली. श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला आप्पांनी फार नम्रपणे सांगितलं होतं की बाई, श्वास रोखूनच आजवर पोट भरलंय. डॉक्टर मुलाणींचा उपचार वेगळा होता. कपाळाला एक पातळ पट्टी बांधायची. श्वास, कातडीचा ओलावा, रक्ताचा वेग यांवरून तिला झटका मिनिटभर आधी कळतो. मग ती कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा बारीक झोत आत सोडते आणि घंटेचा आवाज मंद करते, घंटेवर रुमाल टाकावा तसा. त्या मंद मिनिटात रुग्णाला त्याच्या पूर्ण भरवशाची एखादी खूण द्यायची. घंटा वाजली, खूण आली, काही वाईट झालं नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं की त्या वाटेवर नवा धागा वाढू लागतो. एका निवृत्त मास्तरांना फळ्यावर खडू घासल्याचा आवाज देत होते. एका ट्रकचालक बाईला डिझेलचा वास.

"तुमची खूण कोणती, आप्पा?"

आप्पांनी नुसतं मनगट पुढे केलं.

त्यांच्या मनगटासाठी दुसरी पट्टी बनवली गेली. ती दोन बोटांनी ओढली की उलट ओढ द्यायची, अगदी दोरासारखी. आम्ही आनंदात घरी आलो. आठवड्याभरात झटके दुप्पट झाले. दहाव्या दिवशी पट्टी मला मिठाच्या बरणीत सापडली.

"त्यो दगड बोलतोय," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"आगं, दोर कधी खाली कपारीत अडकतो. मग तू ओढलंस की दगड लगीच ओढतो. झटकन. येकसारखं. नवा माणूस खूश हुतो, म्हणतो वर कोण तरी हाय. वर कुणी नसतंय. दगड असतो." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "तुझी आई ओढ आली की आधी पाण्याकडं बघायची. बुडबुडं बघायची. मग द्यायची. त्या मधल्या टायमात मला कळायचं, वर माणूस हाय."

मी हे डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही उत्तर जितकं लवकर येईल तितकं चांगलं समजत होतो. मग दुसरं टोक कोण धरणार?"

दुसरं टोक मी धरलं.

*

माझ्या डाव्या मनगटावर पट्टी आली. आप्पांची ओढ आली की उजव्या हाताने ती ओढून उत्तर द्यायचं. पहिल्याच दिवशी मी घाईत दिलं आणि ते पडवीतून ओरडले, "थांबून दे! आधी पाण्याकडं बघ!"

म्हणून मी पाण्याकडे बघू लागले. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मला तोवर वाटत होतं की जलाशयाला एक रंग असतो. सकाळी तो कढत दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला असे, दुपारी पितळी, संध्याकाळी पलीकडच्या डोंगराची सावली अर्ध्यापर्यंत पोहत यायची आणि तिथे थबकायची. आप्पा सांगत की पाण्याखाली सगळ्यांत आधी लाल रंग जातो. पाच वावांखाली रक्तसुद्धा काळं दिसतं. मी स्वयंपाकघरातून पाण्याकडे बघून उत्तर द्यायचे आणि ताटातला टोमॅटो क्षणभर काळा वाटायचा.

महाविद्यालयाचं काम मी घरून करत होते. पुस्तकांच्या नोंदी तपासताना कधी असं वाटायचं की कपाटांच्या रांगा पाण्यात उभ्या आहेत आणि मी वर होडीत बसून कोणी वाचक खाली गेलाय त्याची वाट पाहतेय. ओढ यायची. मी बघायची, द्यायची. या संपूर्ण काळात मी दुःखी होते असं म्हणता येणार नाही. दुःखालासुद्धा काहीतरी काम लागतं, ते मला मिळालं होतं.

आप्पा सुधारत होते. चार महिन्यांच्या चित्रात पहिला नवा धागा दिसला, कोळ्याच्या जाळ्याएवढा. डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखवला. आप्पा दिगंबरकडे जाऊन दाढी करून आले. अकरा पायऱ्या चढले, बाराव्या पायरीवर बसून मला एक ओढ दिली, मी पाण्याकडे बघून परत केली, ते उठून उरलेल्या चढले.

सहाव्या महिन्यात एका रविवारी उन्मेष आला. जेवताना तो महाविद्यालयातली काहीतरी गंमत सांगत होता. मध्येच माझं मनगट ओढलं गेलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"मी बोलतोय आणि तू कुणी दार वाजवल्यासारखी बघतेस," तो म्हणाला.

"आप्पा होते."

"माहितेय. सकाळपासून एकवीस वेळा होते." त्याने भाताचा घास केला, पण खाल्ला नाही. "मी तक्रार करत नाहीये, रोहिणी. तू कधीतरी परत येशील ना, तेव्हा मला ते कळेल का, एवढंच विचारतोय."

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरांना सांगितलं नाही, पण त्यांना माझा चेहरा दिसला असावा. आप्पा आत चित्र काढून घेत असताना त्या म्हणाल्या, "तुमची सात हजार उत्तरं आमच्याकडे साठली आहेत. यंत्राला त्यावरून तुमची उसंत शिकवता येते. तुमचा जोर, तुमची घाई, दुपारचा कंटाळासुद्धा. तुम्ही नसताना ते तुमच्यासारखं उत्तर देईल. दगडासारखं नाही."

"आप्पांना सांगायचं?"

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "सांगितलं तर चालणार नाही, असं मला वाटतं."

यंत्र लावून मी चार दिवस रत्नागिरीला गेले. पहिल्या दिवशी मनगटाकडे सारखं लक्ष जात होतं. दुसऱ्या दिवशी मी समुद्रावर बसून एक कादंबरी सलग शंभर पानं वाचली. परत आले तेव्हा आप्पा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. झटका एकही नाही. "बरी गेलीस जाऊन," म्हणाले. "तिथनं पण चांगलं धरलंस."

त्यानंतर मी घरी असतानाही ते यंत्र बंद करायचं टाळू लागले. आधी फक्त दुपारी. मग रोज.

*

तीन महिन्यांनी एका सकाळी मी कणीक मळत होते. आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चहा पीत होते. मला काही बोलत होते, दिगंबरच्या नव्या खुर्चीविषयी, ती म्हणे विजेवर वर जाते. मग बोलणं थांबलं. मी मागे वळून पाहिलं नाही. परात फिरवत राहिले.

"रोहिणे."

"काय आप्पा?"

"तुझं दोन्ही हात कणकेत हायेत."

मला आधी समजलं नाही. मग मी वळले. त्यांचा उजवा हात अजून डाव्या मनगटावर होता. त्यांनी ओढ दिली होती आणि माझी उसंत, माझा जोर, माझा सकाळचा आळस घेऊन उत्तर त्यांना पोचलं होतं.

"किती दिस?"

"तीन महिने."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला. पट्टी काढली आणि ती मिठाच्या बरणीत वगैरे न टाकता माझ्या समोर, पिठाच्या डब्यावर ठेवली. मग बाहेर जाऊन पायऱ्या चढू लागले. सातव्या पायरीवर बुडाले. मी कणकेच्या हातांनी धावले, त्यांना धरलं, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझे दोन्ही पंजे उमटले. झटका वीस मिनिटं टिकला. पूर्वी कधी एवढा टिकला नव्हता.

पुण्याला डॉक्टरांनी जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवली. धागे वाढायचे थांबले होते.

"यंत्र लावल्यापासून?" मी विचारलं.

"त्याच्याही आधीपासून मंदावले होते. तुम्ही स्वतः उत्तर देत होतात तेव्हापासून. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. चूक माझी." त्या आप्पांकडे वळल्या. "घंटा वाजते, उत्तर येतं, घंटा थांबते. दर वेळी उत्तर येतंच. मग मेंदू काय शिकतो? घंटा खोटी होती हे नाही शिकत. शिकतो की उत्तर आलं म्हणून वाचलो. सुरुवातीला उत्तर लागतंच, नाहीतर धागा धरतच नाही. पण कधीतरी ते न येताही आपण जिवंत राहतो, हे त्याला कळावं लागतं."

"आणि नाही कळलं तर?"

"महिनाअखेरीला आमची बैठक आहे. झटके असेच लांबत गेले तर हृदयाला ते झेपणार नाही. मग एकच मार्ग उरतो. झोताचा जोर वाढवून त्या पेशीच जाळायच्या. झटके कायमचे जातील." चित्रातल्या देठावर त्यांनी पेन्सिल टेकवली. "पण मग हवा खरंच संपली तरी आप्पांना कळणार नाही. घरात धूर झाला तरी नाही. पाणी तर विसराच. जन्मभर कुणीतरी सोबत लागेल."

"म्हंजे मी बुडीवाला न्हाई," आप्पा म्हणाले. "बुडालेला."

परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. कात्रज मागे पडलं, खंबाटकी आला, गेला. अचानक म्हणाले, "दिवाळीनंतरची पहिली बुडी आठवती का तुला?"

मला आठवत होती. मी सातआठ वर्षांची, होडीत आईच्या पायाशी बसलेली. दर वर्षी त्या दिवशी आप्पा वेळेआधीच वर यायचे, शिरस्त्राण काढून आईला म्हणायचे, "गप बसलीस व्हय गं, मेले!" आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं त्यांचं भांडण झालंय.

"ती मुकी ओढ," आप्पा म्हणाले. "वरसातनं येकदा दोर धरणाऱ्यानं उत्तर द्यायचं न्हाई. खालच्यानं येकदा ओढायचं, वीस आकडं मोजायचं. परत ओढायचं, वीस मोजायचं. तिसऱ्यांदा मोजायचं. आन मग आपला आपण वर यायचं. न घाबरता. सावकाश. माझ्या बापानं ठिवलेली रीत हाय. दोर धरणारं माणूस कधी तरी नसणारच की गं. त्याची सवय पाहिजे."

"आई कुठल्या बुडीला गप्प बसणार, ते तुम्हाला माहीत असायचं?"

"म्हाईत आसायचं. तरी दर वरसाला भ्या वाटायचं." ते हसले, अपघातानंतर बहुधा पहिल्यांदा. "आता तू गप बस."

*

डॉक्टर मुलाणी स्वतः आमच्याकडे आल्या. सोबत एक लहान टाकी आणि मुखवटा होता. त्यातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. एकच मोठा श्वास घेतला की घंटा घणाणून वाजते, निरोगी माणसाचीही. कपाळपट्टी त्या दिवशी घंटेवर रुमाल टाकणार नव्हती, फक्त हृदयावर नजर ठेवणार होती. आप्पा पडवीत बसणार, डॉक्टर त्यांच्या शेजारी. यंत्र काढून टाकलं होतं, आप्पांनी मनगटाची पट्टी पुन्हा बांधली होती, आणि मी त्यांच्या नजरेआड हवी होते.

"होडीत बस," आप्पा म्हणाले. "तिथंच बसतंय दोर धरणारं माणूस."

डिसेंबरची सकाळ होती. पाण्यावरून धुकं उठत होतं, सरळ वर, चुलीच्या धुरासारखं. मी होडी वल्हवत आठदहा वाव आत नेली. हात विसरलेले नव्हते. मागे वळून पाहिलं तर घर गेलं होतं. किनाराही गेला होता. वर पांढरं, खाली पांढरं, आणि मध्ये मी, आईच्या फळीवर बसलेली. मला वाटलं, सगळं उलटं झालंय. मी पाण्यावर आहे आणि आप्पा तिकडे कोरड्या पडवीत, आठ वाव खाली.

पहिली ओढ आली.

माझा उजवा हात आपोआप मनगटाकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून धरला आणि पाण्याकडे पाहिलं. एक, दोन, तीन. पाण्यावर काहीच नव्हतं, बुडबुडासुद्धा. वीस झाले.

दुसरी ओढ जोरात आली. पट्टी कातडीत रुतली. अशी ओढ मला एवढ्या महिन्यांत कधी आली नव्हती. आत ते गळ्याचं कापड फाडत असतील, तोंड छताकडे करून बसले असतील. उत्तर द्यायला एवढंसं करायचं होतं. दोन बोटं. मी मोजत राहिले. बाराव्या आकड्यापाशी मला जाणवलं की मी श्वास घेत नाहीये. अठरा. एकोणीस.

तिसरी ओढ हलकी होती. जवळजवळ नव्हतीच.

मी वीस मोजले. मग आणखी वीस. मग मोजणं सोडलं. धुकं तसंच उभं होतं. होडी कुठल्यातरी बाजूला हळूहळू फिरत होती आणि कुठल्या, ते सांगता येत नव्हतं. मला आईचा तो फोन आठवला. तीसुद्धा मोजत असेल का? वीसपर्यंत? की तिला माहीत होतं, आणि ती नुसती फोन खाली ठेवून चुलीकडे वळली?

मनगट गप्प होतं.

मग धुक्यात काठाच्या बाजूला काहीतरी पांढरं हललं. सदरा. धुतल्यावरही त्यावर माझ्या पंजांचे डाग फिकट राहिले होते, पण ते मला एवढ्या लांबून दिसणं शक्य नाही, दिसल्यासारखं वाटलं. माणूस सावकाश चालत पाण्यापर्यंत आला. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. मागे डॉक्टरांची आकृती थांबली.

आवाज पाण्यावरून आला, दमलेला, खरखरीत.

"गप बसलीस व्हय गं, मेले!"

मी उत्तर देणार होते. पण मला हसू आलं, आणि तोंडाला लावायला पदर नव्हता, म्हणून ओढणी लावली.

*

आणखी नऊ वेळा केलं. दर वेळी ओढी थोड्या लवकर हलक्या होत गेल्या. महिनाअखेरच्या बैठकीत डॉक्टरांनी चित्र दाखवलं. धागे वाढले होते. फार नाहीत. काही तुटलेले तुटलेलेच राहतील, आणि आप्पांना झटके अधूनमधून येतीलच, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पेशी जाळायचं मात्र रद्द झालं. आप्पांनी विचारलं, पाण्यात कधी? त्या म्हणाल्या, बघू. आप्पा म्हणाले, तुमी दोघी बघताय म्हंजे लवकर हुईल.

मी निघाले त्या दिवशी उन्मेष गाडी घेऊन वर रस्त्यावर थांबला होता. आप्पा माझी पिशवी घेऊन पुढे गेले होते. पायऱ्यांवरून त्यांचा आवाज येत होता, उन्मेषला काहीतरी दिगंबरच्या खुर्चीविषयी सांगत होते. मध्ये थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा सांगत होते. माझं मनगट मोकळं होतं. तिथे कातडी थोडी पांढरी राहिली आहे.

पडवीतून जाताना मी नेहमीसारखी आईच्या दोराला एक ओढ दिली.

या वेळी थांबले. वीस मोजले.

पुन्हा ओढला. खुंटी करकरली. वीस मोजले. अंगणात एक कोंबडी उगाच थबकून माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्यांदा ओढला, हलकेच. मोजले.

मग हात काढून घेतला आणि पायऱ्यांकडे वळले. सावकाश चढले. दहाव्या-अकराव्या पायरीपाशी दम लागला. लागू दिला.